मेपलचा रस थांबला तर: दोष झाडात, हवेत की नळीत?

मेपलच्या खोडाला छिद्र पाडून त्यात तोटी ठोकतात, तिच्यातून येणारा रस बादलीत किंवा नळीने टाकीत जमवतात आणि तो आटवून सिरप करतात. मार्चच्या मध्यावर एखादा दिवस असा उजाडतो की रस वाहण्यासाठी जे जे लागते ते सगळे जुळून आलेले असते. रात्री पारा उणे पाचापर्यंत उतरलेला असतो, सकाळी दहाच्या सुमारास लख्ख ऊन पडते आणि दुपारी तापमान सहा-सात अंशांवर जाते. शेजारच्या बनात बादल्यांची टपटप सुरू असते आणि आपल्या टाकीचा तळही ओला झालेला नसतो. अशा वेळी नवख्या माणसाचा हात पहिल्यांदा ड्रिलकडे जातो. जुन्या छिद्राशेजारी आणखी एक छिद्र पाडावे किंवा जुनेच थोडे खोल करावे, असे त्याला वाटते. हा लेख मुख्यतः त्या हाताला थांबवण्यासाठी लिहिला आहे. झाडाला झालेली जखम भरून यायला काही वर्षे जातात, तर नळीचा जोड बदलायला दोन मिनिटे पुरतात. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे ठरल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम मानावा.

पूर्व ओंटारिओतील लॅनार्क काउंटीत आमच्या घरामागे शुगर मेपलची १८ झाडे आहेत. त्यांतली १३ झाडे उतारावर असल्याने नळीने एका टाकीला जोडलेली आहेत आणि उरलेल्या पाचांवर साध्या बादल्या टांगलेल्या आहेत. हा व्याप एका कुटुंबाच्या आवाक्यातला आहे. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

साक्षीदार बादली

सगळी झाडे नळीला जोडली असतील, तरी एक झाड कायम बादलीवर ठेवावे. ते फार मोठे नको, फार सावलीतले नको आणि रोज जाता-येता दिसेल असे हवे. या बादलीला मी साक्षीदार म्हणतो. टाकीत रस येत नसेल तर प्रथम या बादलीत डोकावावे. तीही कोरडी असेल तर दोष बहुधा हवेचा किंवा हंगामाचा असतो आणि अवजारे उघडून बसण्यात अर्थ नसतो. साक्षीदार वाहत असेल आणि टाकी रिकामी असेल, तर दोष तोटी आणि टाकी यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढे निश्चित होते. या एका तुलनेने निम्मे निदान होते.

अपेक्षा किती ठेवावी, हेही ठाऊक हवे. चांगल्या दिवशी एका छिद्रातून चार ते आठ लिटर रस मिळू शकतो, पण असे दिवस हंगामात मोजकेच येतात. बादलीवरच्या एका छिद्राचे हंगामभराचे उत्पन्न साधारण ४० लिटरच्या आसपास धरले जाते. रसात साखर सुमारे दोन टक्के असते, म्हणून एवढा रस आटवल्यावर जेमतेम एक लिटर सिरप हाती येते. एखाद्या दिवशी लिटरभरच रस आला, तर तो बिघाडच असेल असे नाही.

रस कशाने वाहतो

कोकणात माडी काढताना नारळाची पोय रोज तासली जाते, कारण ताजा काप दिला की धार पुन्हा सुरू होते. ते गणित मेपलला लावले की घात होतो. माडीचा रस अन्न वाहून नेणाऱ्या ऊतींतून येतो, तर मेपलचा रस खोडाच्या लाकडातील जलवाहिन्यांतून येतो आणि त्याच्यामागे गोठण्या-वितळण्याचा दाब असतो. मेपलच्या लाकडात जलवाहिन्यांच्या भोवती असलेले तंतू पाण्याऐवजी वायूने भरलेले असतात. रात्री तापमान शून्याखाली गेले की या तंतूंत बर्फ जमते, आतला वायू आक्रसतो आणि खोडात ओढ निर्माण होऊन मुळांकडून पाणी वर येते. दिवसा बर्फ वितळले की कोंडलेला वायू फुगतो आणि रसाला बाहेर ढकलतो. रसातील साखरेमुळे होणारे परासरणही या दाबाला हातभार लावते. छिद्र हा या दाबाला मिळालेला फक्त एक मार्ग असतो.

या माहितीवरून तीन गोष्टी लगेच कळतात. रात्री पारा शून्याखाली गेलाच नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रस ओसरतो. रात्री उणे पंधरा झाले असेल, तर जाड खोड वितळायला अर्धा दिवस जातो आणि सकाळी अकराला काहीच न दिसणे स्वाभाविक असते. तिसरी गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथेच सांगतो: रात्री झाड ओढ लावते तेव्हा नळीतला रस उलटा छिद्रात शिरतो आणि नळीतले जिवाणूही आपल्यासोबत नेतो.

पहिला थांबा: छिद्र

तपासणी झाडाकडून टाकीकडे, म्हणजे वरून खाली करावी. मधूनच कुठेतरी सुरुवात केली की एकच जोड तीनदा तपासला जातो आणि खरा दोषी राहून जातो.

प्रथम, झाड मेपलच आहे ना? प्रश्न हास्यास्पद वाटला तरी बिनपानांच्या हिवाळ्यात ही चूक सहज होते. मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, पण ॲश नावाच्या वेगळ्याच झाडाच्याही तशाच फुटतात. टोरांटो किंवा न्यू जर्सीच्या वस्त्यांत राहणाऱ्यांच्या अंगणात बहुधा नॉर्वे मेपल असतो. त्यालाही रस येतो, पण शुगर मेपलच्या मानाने त्यात गोडी कमी असते. रेड आणि सिल्व्हर मेपल चालतात, मात्र त्यांना कळ्या लवकर फुगतात आणि हंगाम लवकर आटोपतो. शक्य असल्यास उन्हाळ्यातच पाने पाहून झाडांना खूण करून ठेवावी. रस्त्याकडेची झाडे बहुधा नगरपालिकेची असतात. त्यांना परवानगीशिवाय हात लावू नये.

खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर किमान २५ ते ३० सेंटिमीटर असावा. त्याहून बारीक झाडाला छिद्र पाडूच नये आणि ४५ सेंटिमीटरच्या आतल्या झाडाला एकाहून अधिक पाडू नये. छिद्राची खोली सालीपासून चार ते पाच सेंटिमीटर पुरते. ड्रिलच्या बिटला तेवढ्या अंतरावर रंगीत टेप गुंडाळला की अंदाज चुकत नाही. छिद्राला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे रस आत साचून राहत नाही.

छिद्र पाडताना बाहेर पडणारा भुसा नीट पाहावा. तो पांढरट किंवा फिकट पिवळसर आणि ओलसर असेल तर जिवंत लाकूड लागले आहे. तपकिरी, कोरडा भुसा आला, तर बिट जुन्या छिद्राच्या डागात किंवा मेलेल्या लाकडात शिरली आहे आणि तिथून रस येणार नाही. प्रत्येक जुन्या छिद्राच्या वर आणि खाली लाकडात एक लांबट, उभा पट्टा कायमचा निकामी होतो. बाहेरून साल भरून आलेली दिसते, त्यामुळे तो पट्टा नजरेला पडत नाही. नवे छिद्र जुन्यापासून आडव्या दिशेने किमान १५ सेंटिमीटर दूर आणि उभ्या दिशेने निदान ३० सेंटिमीटर वर किंवा खाली घ्यावे. जुन्या छिद्राच्या नेमके वर किंवा खाली ते कधीही येऊ नये. साक्षीदार जोरात वाहत असताना एखादे एकच झाड कोरडे असेल आणि त्याच्या भुशाचा रंग तुम्हाला आठवत नसेल, तर हे कारण आधी धरावे. मी दरवर्षी छिद्राची जागा वहीत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहून ठेवतो. दक्षिण म्हणजे सहा वाजले असे मानले, की पुढच्या वर्षी खोडाभोवती पुढे सरकणे सोपे जाते.

दुसरा थांबा: तोटी

तोट्यांचे दोन आकार प्रामुख्याने वापरात आहेत: जुना ७/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटरचा, आणि आताचा ५/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटरचा. एकाची बिट आणि दुसऱ्याची तोटी अशी गफलत झाली, तर तोटी ढिली बसते किंवा बसतच नाही. नवीन काही घ्यायचे असेल तर बारीक आकारच घ्यावा. झाडाची जखम लहान राहते आणि उत्पन्नात फारसा फरक पडत नाही.

रस तोटीच्या तोंडातून न येता तिच्या भोवतालून सालीवर ओघळत असेल, तर त्याची तीन कारणे असू शकतात. पहिले, बिट बोथट होती किंवा ड्रिल हातात डगमगले आणि छिद्र लंबगोल झाले. दुसरे, तोटी पुरेशी आत गेलेली नाही. हलक्या हातोडीने एक-दोन टोले देऊन पाहावे. तोटी घट्ट बसली की टोल्याचा आवाज बदलतो, पोकळ टकटकीऐवजी भरीव ठक असा नाद येतो. तो ऐकू आला की हात आवरायचा. तिसरे कारण सर्वात वाईट असते: जास्त जोराने ठोकल्यामुळे छिद्राच्या वर-खाली लाकूड उभे तडकले आहे. ही तड पुन्हा ठोकून बुजत नाही, उलट वाढते. गोठलेल्या खोडावर तोटी ठोकली की हे हमखास घडते, म्हणून छिद्रे पाडण्याचे काम शून्याच्या वरच्या तापमानाच्या दिवशीच करावे. तडकलेल्या छिद्राला त्या वर्षापुरते सोडून द्यावे. मेण, पुट्टी किंवा सिलिकॉन भरून गळती थांबवण्याचे उपाय अनेक जण सुचवतात. मला त्यातला एकही जेवणाच्या पदार्थाजवळ नको वाटतो.

तोटी कोरडी आणि झाड चांगले, असे दिसले तर तोटी हळूच फिरवून काढावी आणि तिच्या आत पाहावे. पुष्कळदा भुशाचा एक गोळा तिच्या तोंडाशी अडकलेला असतो. छिद्रातला भुसा स्वच्छ काडीने काढावा; तोंडाने फुंकू नये, कारण आपल्या तोंडातले जिवाणू नेमके जिथे नकोत तिथे पोहोचतात.

तोट्या दरवर्षी नव्या घ्याव्यात. प्लास्टिकची तोटी अगदी स्वस्त असते आणि जुन्या तोटीतली जिवाणूंची थराथराने वाढलेली वस्ती छिद्राला मुदतीआधी बंद करते. उलट्या ओढीचा वर उल्लेख आला, तिच्यावर उपाय म्हणून व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात चेक व्हॉल्व्ह असलेली तोटी विकसित झाली. तिच्या आत एक छोटा गोळा असतो आणि रस उलटा फिरू लागला की तो मार्ग बंद करतो. ती वापरत असाल आणि रस थांबला असेल, तर गोळा भुशाने किंवा बर्फाने अडकला आहे का हे हलवून पाहावे. मोकळा गोळा खुळखुळतो.

बादल्यांचे दोष

इथे फार काही बिघडत नाही, म्हणूनच मी त्या सोडत नाही. तोटीला टांगायची बादली सात-आठ लिटरची असावी. १९ लिटरची भरलेली बादली टांगली तर तिच्या वजनाने तोटी खाली झुकते, छिद्र लंबगोल होते आणि गळती सुरू होते. एवढी मोठी बादली हवी असेल तर ती जमिनीवर ठेवून तोटीपासून तिच्यात छोटी नळी सोडावी. नळीचे टोक बादलीतल्या रसात बुडू देऊ नये, ते झाकणाच्या जरा खाली लोंबते राहावे. बुडालेल्या टोकातून झाड रात्री रस परत ओढून घेते आणि सकाळी बादली आदल्या संध्याकाळपेक्षा रिकामी दिसते. पहिल्या वर्षी मी याचे खापर रॅकूनवर फोडले होते. झाकणाचे छिद्र नळीला घट्ट चिकटलेले असेल, तर शेजारी हवेसाठी आणखी एक बारीक छिद्र ठेवावे, नाही तर आतली हवा कोंडून रस अडतो.

बादलीत रस भरपूर पण पिवळसर दिसत असेल, तर सालीवरून ओघळलेले पावसाचे पाणी आत आले आहे. झाकण खोडाच्या बाजूला नीट बसते की नाही ते पाहावे. जुन्या बाजारातून घेतलेल्या, सांध्यांना डाग दिलेल्या पत्र्याच्या बादल्या दिसायला सुंदर असतात, पण त्या डागात शिसे असू शकते. त्या अंगणात फुलझाडांसाठी ठेवाव्यात.

नळ्या: इथेच वेळ जातो

घरगुती मांडणीत तोटीपासून एक छोटी उतरती नळी येते, ती टी-जोडाने फाट्याच्या नळीला मिळते आणि फाटा उताराने टाकीपर्यंत जातो. दोष शोधायला रस वाहू लागल्यावर दोन-तीन तासांनी निघावे. सकाळी लवकर गेलो तर नळीतला बर्फही अडथळ्यासारखाच दिसतो. खिशात कापणी, काही सरळ जोड, काही टी-जोड, रंगीत फिती आणि थर्मासमध्ये कढत पाणी घ्यावे. नळीचे टोक अर्धा मिनिट त्या पाण्यात बुडवले की मऊ होते आणि जोड सहज आत जातो. थंडीत ताठरलेल्या नळीत जोर करून जोड घुसवला तर नळी चिरते किंवा बोटे सोलवटतात. चहाचा थर्मास वेगळा ठेवावा, हे अनुभवाने सांगतो.

पहिली नजर झोळांवर टाकावी. दोन झाडांच्या मध्ये नळीला झोळ पडला की त्या खोलगट भागात रस साचतो. रात्री तोच प्रथम गोठतो आणि दिवसा, जमिनीजवळ असेल तर, सर्वात उशिरा वितळतो. वरच्या सगळ्या झाडांचा रस तोपर्यंत अडून राहतो. झोळ ओळखायला साधा उपाय म्हणजे फाट्याच्या एका टोकाशी उभे राहून डोळा नळीच्या पातळीत आणून पाहणे. नळी सुतासारखी ताणलेली दिसली पाहिजे. १०० मीटरला किमान दोन मीटर उतार धरावा आणि जमेल तिथे जास्त द्यावा. ऊन लागले की प्लास्टिक सैल पडते, म्हणून जानेवारीत ताणलेली नळी मार्चमध्ये पुन्हा एकदा ताणावी लागते. बर्फाच्या वजनाने तुटलेली फांदी नळीवर पडली आहे का, हेही याच फेरीत पाहावे.

दुसरी नजर बुडबुड्यांवर. नळी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक असल्याचा खरा उपयोग इथे होतो. झाडाच्या आतून थोडा वायू रसाबरोबर येतोच, म्हणून बारीक, संथपणे सरकणारे बुडबुडे दिसले तर घाबरू नये. लांब आणि वेगाने धावणारे बुडबुडे मात्र बाहेरची हवा आत शिरत असल्याची खूण आहेत. ते जिथे दिसतील तिथून वर, झाडांच्या दिशेने, एकेका टी-जोडापाशी थांबत जावे. ज्या जोडाच्या खाली बुडबुडे आहेत आणि वर नाहीत, त्याच जोडात, त्याच्या उतरत्या नळीत किंवा तोटीत गळती असते. वाऱ्याचा दिवस नसेल तर कान जवळ नेल्यावर बारीक फुसफुसही ऐकू येते.

गळतीचे कारण बहुतेक वेळा खार असते. ती नळी कुरतडते आणि दातांच्या जोडीने पडलेली दोन बारीक भोके सहज नजरेतून सुटतात. नळीवरून बोट फिरवत गेले की खरखरीत जागा हाताला लागते. कुरतडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चांगला भाग लागेपर्यंत कापून काढावा आणि सरळ जोड घालावा. वरून चिकटपट्टी गुंडाळणे ओल्या, थंड नळीवर एक रात्रही टिकत नाही. दरवर्षी तीच जागा कुरतडली जात असेल तर नळ्या कशाने धुतल्या हे आठवावे. सोडियमयुक्त ब्लीचने धुतलेल्या नळीत मिठाचा अंश राहतो आणि खारींना मीठ आवडते.

तिसरा दोष अडथळ्याचा. त्याची लक्षणे गळतीच्या उलट असतात. अडथळ्याच्या खाली नळी जवळजवळ रिकामी असते, तर वर ती ठासून भरलेली असते आणि रस जागेवरून हलत नाही. वरच्या एक-दोन झाडांच्या तोट्यांभोवतीही रस पाझरू लागतो, कारण त्याला दुसरी वाट उरलेली नसते. असे दिसले तर भरलेली आणि रिकामी नळी यांच्या मधला जोड कापून काढावा आणि उजेडात धरून पाहावा. आत भुशाचा कण, गोठलेला खडा किंवा बुळबुळीत, पिवळट-करड्या रंगाचा थर असतो. हा थर म्हणजे जिवाणू आणि यीस्ट यांची वाढ. तसा जोड धुऊन पुन्हा लावण्यापेक्षा टाकून द्यावा.

उतरत्या नळीची लांबी ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये. लांब असली की छिद्राची जागा दरवर्षी खोडाभोवती बदलता येते. आखूड नळीमुळे माणूस आळसाने त्याच बाजूला पुन्हा छिद्र पाडतो आणि मग वर सांगितलेला तपकिरी भुसा येतो.

बारीक नळीची ओढ

उतार चांगला असेल तर पंपाशिवायही निर्वाताची ओढ मिळवता येते. प्रॉक्टर केंद्रातच टिमथी विल्मट यांनी ३/१६ इंचाच्या, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटरच्या नळीवर यासाठी काम केले. नेहमीच्या ५/१६ इंचाच्या नळीत बुडबुडे रसाच्या बाजूने निसटून वर जातात. इतक्या बारीक नळीत त्यांना जागा नसते, म्हणून रसाचा सलग स्तंभ तयार होतो आणि तो आपल्या वजनाने खाली जाताना वरच्या झाडांना ओढ लावतो. प्रत्येक मीटर उभ्या उताराला जास्तीत जास्त सुमारे तीन इंच पाऱ्याइतकी ओढ मिळते (ओढ इंच पाऱ्यात मोजतात).

अनेकांची निराशा इथल्या एका गैरसमजातून होते. झाडाला मिळणारी ओढ त्याच्या खाली किती उतार आहे यावर ठरते. सगळी झाडे उतारभर पसरलेली असतील आणि टाकी शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी असेल, तर त्या शेवटच्या झाडाला काहीच मिळत नाही. टाकी शक्य तितकी खाली न्यावी. सपाट जमिनीवर ही नळी वापरू नये, कारण तिच्या बारीकपणामुळे होणारे घर्षण रसाला उलट अडवते. एका नळीवर दोन-तीनच झाडे असतील तर स्तंभ सलग भरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सर्वात वरच्या झाडापलीकडे फाट्याच्या टोकाला एक स्वस्त व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ दाखवणारा काटा, कायम बसवून ठेवावा. टाकी पाच मीटर खाली असेल तर चांगल्या दिवशी काटा १२ ते १४ इंचांच्या आसपास जायला हवा. पाच-सहावर अडकला असेल तर वर सांगितलेली बुडबुड्यांची फेरी करावी. या मांडणीत एक भोकही संपूर्ण स्तंभ मोडते.

बारीक नळीची दुसरी खोड अशी की तिचे जोड लवकर तुंबतात. नळीपेक्षा जोडाच्या आतला मार्ग आणखी अरुंद असतो आणि थर तिथेच धरतो. पहिल्या वर्षी उत्तम चाललेली मांडणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मंदावली, तर झाडे थकली असे समजू नये. टी-जोड बदलावेत आणि हंगाम संपताच नळ्या निर्जंतुक कराव्यात.

पंप असेल तर

घरगुती मांडणीत १२ व्होल्टवर चालणारे छोटे डायफ्राम पंप वापरले जातात. ओढ कमी असल्यास पंपाला दोष देण्यापूर्वी एकच चाचणी करावी. पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करून गेजकडे पाहावे. काटा पंपाच्या कमाल क्षमतेपर्यंत चढून तिथेच राहिला, तर पंप निर्दोष आहे आणि गळती बनात आहे. मग एकेक फाटा उघडत जावे. जो उघडल्यावर काटा धाडकन खाली येतो, तो फाटा दोषी. व्हॉल्व्ह बंद असतानाही काटा चढला नाही, तर आधी पंपाच्या तोंडाचा क्लॅम्प घट्ट करावा, मग जाळी साफ करावी आणि त्यानंतरच पंप उघडून आतल्या झडपांखाली भुशाचा कण अडकला आहे का ते पाहावे. थंडीत बॅटरीही अर्ध्या दमाने चालते, म्हणून पंपाचा आवाज मंद वाटला तर व्होल्टेज मोजावे.

सर्वाधिक पंप रात्रीच्या बर्फाने मरतात. संध्याकाळी रस थांबला की नळी सोडवून पंप काही क्षण कोरडा फिरवावा आणि आतले पाणी काढून टाकावे. सकाळी तो सुरू करताना नळीतला बर्फ वितळल्याची खात्री करावी. पंपापाशी काटा उत्तम आणि फाट्याच्या टोकाला मात्र कमी, असा फरक दिसला तर झोळ किंवा गळती यांपैकी काहीतरी मधे आहे. म्हणून दोन गेज लागतात, एकाने भागत नाही.

जेव्हा दोष कशाचाच नसतो

साक्षीदार कोरडा, रात्री उबदार, आणि छिद्रे पाडून सहा आठवडे उलटलेले: इथे शोधण्यासारखे काही नसते. छिद्रातल्या जलवाहिन्या जिवाणूंनी आणि झाडाच्या स्वतःच्या संरक्षक द्रव्यांनी बंद केलेल्या असतात. छिद्र पुन्हा कोरून चार-दोन लिटर मिळतीलही, पण जखम मोठी होईल. पोय तासण्याची सवय नेमकी इथे आडवी येते. फेब्रुवारीच्या पहिल्या उबदार आठवड्यात घाईने छिद्रे पाडली, तर एप्रिलच्या सुरुवातीचा चांगला रस हुकण्याची शक्यता वाढते, हा त्यातला खरा धडा पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

रस दुधाळ झाला असेल तर तो जिवाणूंनी बिघडला आहे. उबदार दिवसांत टाकी सावलीत बर्फात रुतवून ठेवावी, रस चार अंशांखाली राखावा आणि शक्यतो एक-दोन दिवसांत आटवावा. कळ्या फुगून त्यांचा रंग बदलू लागला, की रस स्वच्छ दिसला तरी सिरपला एक नकोसा उग्र वास येतो. तो आटवून, गाळून किंवा मसाला घालून जात नाही. त्या दिवशी तोट्या काढाव्यात.

हंगामानंतरचे काम

तोट्या फिरवत काढाव्यात आणि छिद्रात काहीही भरू नये. झाड ते स्वतः मिटवते. पुढच्या वर्षीचे निम्मे बिघाड याच आठवड्यात टाळता येतात, पण हात थकलेले असतात आणि नळ्या तशाच झाडांवर राहून जातात. त्या काढून आधी साध्या पाण्याने, मग विरळ क्लोरीनच्या पाण्याने धुवाव्यात. कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरले तर सोडियमचे मीठ मागे राहत नाही. द्रावण नळीत काही काळ राहू द्यावे, नंतर काढून टाकावे आणि नळ्या टोके खाली ठेवून पूर्ण निथळू द्याव्यात. क्लोरीनने धुतलेल्या नळीतून पुढच्या हंगामात येणारा पहिला रस न घेता वाहू द्यावा.

प्रत्येक फाट्याला फितीवर क्रमांक लिहून तो गुंडाळावा आणि कोणता जोड कोणत्या झाडाखाली बदलला, हे त्याच वहीत छिद्रांच्या जागांशेजारी टिपून ठेवावे. माझ्या वहीत सातव्या झाडाखालचा टी-जोड चार वर्षांत तीनदा आलेला आहे. यंदा मी तो जोडच काढून टाकला आणि ते झाड बादलीवर घेतले.